कारखान्याच्या जागी बाग, पण आधी माती तपासा



आपल्या जिल्ह्यातील एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले आहे. गावाचे नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून ते देत नाही. गावाच्या कडेला जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातले शिसे वितळवण्याचा एक लहानसा कारखाना होता. तो बंद पडून दहा-बारा वर्षे झाली. पत्रे आणि लोखंड भंगारात गेले, अर्धवट भिंती उरल्या. आता नगरपंचायतीने तिथे बाग करायचे ठरवले आहे. मुरूम टाकून जागा सपाट करायची, वर लाल माती आणि हिरवळ, एका बाजूला घसरगुंडी-झोपाळे, दुसऱ्या बाजूला ज्येष्ठांसाठी बाके. गुरुजी लिहितात, "बाग व्हावी अशी आम्हा म्हाताऱ्यांची फार इच्छा आहे. पण माझी दोन नातवंडे आजही त्या पटांगणात खेळतात. डॉक्टर, ती जागा धोक्याची तर नाही? काहीजण म्हणतात, इतके पावसाळे झाले, सगळे केव्हाच धुऊन गेले असेल."

शेवटच्या वाक्याचे उत्तर आधी देतो, कारण हा समज सगळीकडे आहे. शिसे धुऊन जात नाही. ते मूलद्रव्य आहे. शेणासारखे ते कुजत नाही, जंतूसारखे उन्हात मरत नाही. हवेतून खाली बसलेले शिसे मातीच्या कणांना चिकटते आणि बहुतांशी वरच्या काही इंचांतच राहते. दहा वर्षांपूर्वी पडलेले शिसे आज तिथेच असते, पन्नास वर्षांनीही असेल. बॅटरीतील आम्ल जिथे सांडले असेल तिथे ते अधिक खोलवरही जाऊ शकते. गवत उगवले, बाभळी वाढल्या, म्हणजे जमीन सुधारली असेही समजू नये. बाभूळ शिशाला घाबरत नाही.

आता मुलांचे पाहू. दोन-तीन वर्षांचे मूल दिवसातून किती वेळा हात तोंडात घालते हे कोणत्याही आईला विचारा. त्या हाताला जी माती लागलेली असते ती पोटात जाते. मोठ्या माणसाच्या पोटात शिसे गेले तर त्यातले साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी रक्तात उतरते. लहान मुलाच्या बाबतीत हेच प्रमाण जवळजवळ निम्मे असते. त्यात मुलाच्या अंगात लोह आणि चुना कमी असेल तर आतडी शिसे आणखी ओढून घेतात. आपल्याकडे पंडुरोग नसलेली मुले किती, हे माझ्या दवाखान्यातल्या बाकावर तासभर बसून कोणीही मोजावे.

रक्तातले शिसे पुढे हाडांत जाऊन बसते आणि तिथे वर्षानुवर्षे राहते. मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली की हाडांतला चुना सुटतो, त्याबरोबर हे शिसेही सुटते आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचते. लहानपणी मेंदूवर झालेला परिणाम तर भरून येत नाही. आणि याचे लक्षण काय? बहुतेक वेळा काहीच नाही. मूल जरा चिडके असते, अभ्यासात मागे पडते, कधी पोट दुखते, शौचाला साफ होत नाही, चेहरा फिका दिसतो. अशी मुले रोज येतात आणि जंताचे औषध घेऊन जातात. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की शिशाचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही. रक्ताच्या एका डेसिलिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आढळले, तर ते कुठून येते हे शोधून थांबवावे असे तिच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. पेट्रोलमधून शिसे काढण्याचे काम आपल्या देशात २००० साली पुरे झाले, ते याच कारणासाठी. पंपावरची 'अनलेडेड'ची पाटी चाळिशीपुढच्या वाचकांना आठवत असेल.

"मग औषध नाही का?" आहे. शिशाला बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे आहेत. पण २०१० साली नायजेरियातील झंफारा प्रांतात जे घडले ते प्रत्येक डॉक्टरने वाचावे. तिथल्या खेड्यांत सोन्याचे खनिज घरी-दारी दळत असत आणि त्या खनिजात भरपूर शिसे होते. अंगणातली धूळ विषारी झाली आणि चारशेहून अधिक मुले दगावली. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेचे डॉक्टर औषधे घेऊन पोहोचले. मात्र ज्या गावातली विषारी माती खरवडून तिथे नवी माती टाकली गेली नव्हती, त्या गावात त्यांनी हे औषध सुरू केले नाही. मूल बरे होऊन त्याच अंगणात रांगणार असेल तर उपचाराचा उपयोग काय? बागेगा नावाच्या गावाला तर २०१३ साल उजाडेपर्यंत थांबावे लागले. या आजारात माती साफ करणे हाच पहिला डोस असतो.

एवढे वाचून गुरुजी म्हणतील, मग बागेचा विचारच सोडावा काय? मुळीच नाही. बाग होऊ शकते, आणि विषारी कारखान्याच्या जागेवर झालेली एक बाग मी स्वतः पाहिली आहे.

माझा पुतण्या अमेरिकेत सिॲटल शहरात नोकरी करतो. हल्ली आपल्याकडच्या प्रत्येक गल्लीतले एखादे पोर तिकडे असते, त्यात सांगण्यासारखे काही नाही. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आम्ही त्याच्याकडे गेलो असताना एका संध्याकाळी तो आम्हाला तळ्याकाठच्या 'गॅस वर्क्स पार्क' मध्ये घेऊन गेला. सुमारे वीस एकरांची बाग. मधोमध गंजलेले उंच मनोरे, टाक्या आणि जाडजूड नळ, भोवती कुंपण. शेजारी हिरवीगार टेकडी, तिच्यावर पोरे पतंग उडवत होती आणि उतारावरून गडगडत खाली येत होती. पुतण्याची चार वर्षांची मुलगी त्यांत सामील झाली आणि थोड्या वेळाने मूठभर माती घेऊन माझ्याकडे आली. माझे लक्ष तिच्या मुठीकडे आणि त्या मनोऱ्यांकडे आळीपाळीने जात होते. घरी येऊन त्या जागेचा इतिहास शोधून वाचला.

१९०६ ते १९५६ अशी पन्नास वर्षे तिथे गॅस तयार होत असे. आधी कोळशापासून, पुढे खनिज तेलापासून. घरातल्या चुली आणि दिवे त्यावर चालत. आपल्या मुंबईतही एकोणिसाव्या शतकात रस्त्यांवरचे दिवे अशाच कोळशाच्या गॅसवर लागत असत. हा गॅस करताना मागे उरते ते डांबर, बेन्झीन आणि काजळीतली अनेक रसायने. काजळी आणि कॅन्सर यांचे नाते वैद्यकाला फार जुने ठाऊक आहे. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ सालीच दाखवून दिले होते की लहानपणापासून धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोशाच्या त्वचेचा कॅन्सर होतो आणि त्याचे कारण काजळी आहे. धंद्यामुळे होणाऱ्या कॅन्सरची ही पहिली नोंद. बेन्झीनचे रक्ताच्या कॅन्सरशी असलेले नातेही पक्के आहे. सिॲटलच्या त्या जमिनीत हे सगळे मुरलेले होते.

कारखाना बंद झाल्यावर १९६२ साली शहराने ती जागा बागेसाठी घेण्याचे ठरवले. यासाठी झटल्या त्या मर्टल एडवर्ड्स नावाच्या नगरसेविका. १९६९ साली त्यांचे निधन झाले आणि बागेला त्यांचे नाव द्यायचे ठरले. पण बागेचे रचनाकार रिचर्ड हाग यांनी जुनी यंत्रे पाडायची नाहीत असा आग्रह धरला. गंजक्या नळांच्या बागेला आपल्या माणसाचे नाव नको, असे एडवर्ड्स यांच्या कुटुंबाने कळवले आणि नाव मागे घ्यायला लावले! नावावरून वाद फक्त आपल्याकडेच होतात असे नाही.

हाग यांची कल्पना त्या काळी नवी होती. सगळी माती उचलून दुसऱ्याच्या दारात टाकण्यापेक्षा तिथल्या तिथे ती सुधारावी. जमिनीतले काही जंतू तेलकट द्रव्यांवर जगतात. त्या जंतूंना खाद्य मिळावे म्हणून मैलापाण्याचा गाळ आणि लाकडाचा भुसा त्या मातीत मिसळला गेला. शेणखत घालून जमिनीला जीव आणणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे लगेच समजेल. पाडलेल्या बांधकामाचा राडारोडा एके ठिकाणी रचून त्यावर चांगली माती पसरली, तीच ती पतंगांची टेकडी. बॉयलरच्या इमारतीत सहलीला आलेल्यांसाठी निवारा केला, दुसऱ्या एका शेडमधली यंत्रे रंगवून मुलांना खेळायला दिली. १९७५ साली बाग लोकांना खुली झाली. जगभर कौतुक झाले.

खरी शिकवण यापुढे आहे. १९८४ साली सरकारी तपासणीत मातीत कॅन्सरकारक द्रव्ये आढळली आणि नऊ वर्षे लोक जिथे बसत-उठत होते ती बाग काही काळ बंद करावी लागली. जंतूंनी हलके तेल खाल्ले होते, डांबरातली चिवट रसायने त्यांना पचली नव्हती. मग वर चांगल्या मातीचे थर टाकले. या शतकाच्या सुरुवातीला तळ्याच्या बाजूला जमिनीत हवा सोडून बेन्झीनची वाफ ओढून घेण्याची यंत्रणा बसवली. आणि तळ्याच्या तळाशी बसलेला गाळ? मी गेलो त्या दिवशीही काठावर पाटी होती: पाण्यात उतरू नका, गाळात घातक द्रव्ये आहेत. म्हणजे बाग उघडल्यावर जवळपास पन्नास वर्षांनी! श्रीमंत देश, श्रीमंत शहर, तरीही काम संपलेले नाही. मला मात्र ती पाटी फार आवडली. टेकडीवर लोळा, पाण्यात उतरू नका, असे तिथली महापालिका आपल्या माणसांना उघडपणे सांगते.

(नात माती खाऊन बसली होती का, असे विचाराल. टेकडीच्या वरची माती बाहेरून आणलेली आहे. तरी हात धुतले.)

गुरुजींच्या गावची अडचण सिॲटलपेक्षा एका बाबतीत अवघड आहे. शिसे खाणारा जंतू नाही. सूर्यफुले किंवा अमुक गवत लावा, ते शिसे शोषून घेते, असे सांगणारे भेटतील. अशा प्रयोगांना अनेक वर्षे लागतात आणि ती झाडे पुन्हा विषारी कचरा म्हणूनच हाताळावी लागतात. शेळीने ती खाल्ली तर काय, हे कोणी सांगत नाही. व्यवहारात दोनच मार्ग उरतात. जिथे शिसे फार आहे, म्हणजे भट्टी, बॅटऱ्या फोडण्याची जागा, राखेचे ढीग, तिथली माती खोदून घातक कचऱ्याच्या अधिकृत ठिकाणी पाठवणे. आणि जिथे कमी आहे तिथे पुरेसा जाड, चांगल्या मातीचा थर देऊन तो कायम टिकवणे. परदेशात अशा थराच्या खाली भडक रंगाचे कापड किंवा जाळी पसरतात. उद्या कोणी खड्डा खणला आणि ते कापड दिसले की थांबायचे, हा त्याचा अर्थ. आपल्याकडे बागेत मांडव घालायला बांबूचे खड्डे होतील, बोअर मारतील, पाइपलाइनसाठी चर खणतील आणि खालची माती वर येईल. म्हणून ते कापड आपल्याला तर जास्तच हवे. त्या बागेत बोअरचे पाणी घेऊ नये आणि भाजीपाला लावू नये, हेही आधीच ठरवून पाटीवर लिहून ठेवावे.

सहा इंच मुरूम आणि वर हिरवळ ही सफाई झाली असे मला कोणी म्हटले तर मी मान्य करणार नाही. दोन उन्हाळ्यांत हिरवळ जाते, पोरांच्या पायांनी मुरूम उडतो आणि झोपाळ्याखाली खळगा पडतो. नेमके जिथे मूल बसते तिथेच जुनी माती उघडी होते.

आपल्याकडे नजरेसमोरचा ढीग उचलला की काम संपले असे वाटते. भोपाळचे उदाहरण ताजे आहे. डिसेंबर १९८४ च्या वायुकांडानंतर युनियन कार्बाइडचा कारखाना बंद पडला. आवारात बांधून ठेवलेला ३३७ टन विषारी कचरा हलायला चाळीस वर्षे लागली. जानेवारी २०२५ मध्ये बारा कंटेनरांतून तो पीथमपूरला नेला आणि जूनअखेर तो जाळून झाला. बातम्या आल्या, भोपाळ कचरामुक्त. पण ते होते शेडमध्ये भरून ठेवलेले. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने २०१० साली अंदाज दिला होता तो सुमारे ११ लाख टन दूषित मातीचा. तीनशे सदतीस कुठे आणि अकरा लाख कुठे! आसपासच्या वस्त्यांत विहिरी आणि हातपंप दूषित झाले आणि त्या लोकांना दुसरीकडून स्वच्छ पाणी द्या, असे सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली सांगावे लागले. वायूने ज्यांना गाठले नव्हते त्यांतल्या अनेकांना पाण्याने गाठले.

गुरुजींच्या गावाला आज एक सोय आहे जी आधी नव्हती. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने आपल्या हद्दीतील संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायची आहे. मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि त्यात संशय खरा ठरला तर पुढची सविस्तर तपासणी. खर्च ज्याने घाण केली त्याच्याकडून घ्यायचा, तो सापडला नाही किंवा देऊ शकला नाही तर सरकारने उचलायचा. देशभरात अशा १०३ जागा निश्चित झाल्याचे आणि प्रत्यक्ष साफसफाई त्यांतल्या फक्त ७ ठिकाणी सुरू झाल्याचे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. या यादीत एका तालुक्याच्या गावची भट्टी आपोआप येईल अशी आशा धरू नये. नगरपंचायतीने ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांना आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवावे. बागेचा ठराव करता आला तर हाही करता येईल.

माती तपासणीबद्दल एक खुलासा. शेतकरी ज्या माती परीक्षण केंद्रात नमुना देतात तिथे नत्र, स्फुरद, पालाश, सामू कळतो. शिसे त्यात येत नाही. तो अहवाल 'उत्तम' आला म्हणून कोणी दाखवू लागला तर ऐकू नये. शिशासाठी वेगळी चाचणी असते आणि ती एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून करून घ्यावी. नमुने एकाच जागचे नकोत. भट्टीपाशी, फाटकाशी, पाणी वाहून जाते त्या ओहोळात आणि मुले खेळतात तिथे, असे वेगवेगळे घ्यावेत. खेळण्याच्या जागी वरच्या एक-दोन इंचांचा नमुना स्वतंत्र हवा, कारण मुलाच्या हाताला तीच माती लागते. जवळच्या विहिरीचे पाणीही तपासावे. आकड्यांचा अंदाज यावा म्हणून सांगतो: निवासी जागेच्या मातीत किलोला ४०० मिलिग्रॅम शिसे आढळले की अमेरिकेत पुढची चौकशी करत. २०२४ साली ही मर्यादा २०० वर आणली. गोदामासाठी चालणारी जमीन बालवाडीसाठी चालेलच असे नाही, म्हणून बागेचा नकाशा काढायच्या आधी हे आकडे हातात हवेत. कदाचित असे दिसेल की झोपाळे आणि बाके यांच्या जागांची अदलाबदल केली तरी बरेच काम होते. आम्ही म्हातारे माती खात नाही.

राहिली नातवंडे. अहवाल येईपर्यंत खेळ दुसऱ्या मैदानात. त्यांच्या रक्ताची शिशासाठी तपासणी करून घ्यावी, आणि रक्त शिरेतून काढलेले असावे. बोटाला टोचून घेतले तर बोटावरचीच धूळ थेंबात मिसळून आकडा खोटा वाढतो. कारखान्यात पूर्वी काम केलेल्यांच्या घरीही विचारावे, कारण कामाच्या कपड्यांबरोबर ही धूळ घरात आलेली असते. चपला उंबऱ्याबाहेर, जेवणाआधी साबणाने हात, आणि घरात कोरडा केरसुणीचा केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे. केरसुणीने बारीक धूळ हवेत उडते आणि पुन्हा अंथरुणावर बसते. आहारात नाचणी, दूध, पालेभाजी, आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या.

गुरुजी, मातीचा अहवाल आला की त्याची प्रत मला पाठवा. आकडे वाचून कोणती जागा कशासाठी योग्य, हे याच सदरातून सांगेन.